खालचा पाणवठा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त कर्वेनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाच्या सभेत वक्त्याने विहाराचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि भोजनाची वेळ व्हायच्या आत खाली बसावं, असा आपला रिवाज आहे. आज मी तो थोडा मोडणार आहे. मला आपल्याशी नदीबद्दल बोलायचं आहे. आपल्या विहारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जी मुठा वाहते, तिच्याबद्दल.

हा विषय का निघाला, ते आधी सांगतो. दोन महिन्यांपूर्वी समितीच्या बैठकीत मी एक सूचना मांडली होती. मुठा नदीसाठी काम करणारी एक संस्था आपल्या शहरात आहे. विहारातर्फे तिला दरवर्षी थोडी रक्कम द्यावी आणि महिन्यातल्या एका रविवारी आपल्यातल्या काही जणांनी त्या कामात जावं, एवढीच सूचना. बैठकीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, आपल्याच पोरांच्या वह्या-पुस्तकांना पैसे पुरत नाहीत. कुणी म्हणालं, नदी साफ करायला महानगरपालिका आहे, आपण पट्टी भरतो. ही उत्तरं अपेक्षित होती. पण आपल्या एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना आपण सगळे आक्का म्हणतो, त्या उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं दुसऱ्याची घाण काढली. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून पोरांच्या हातात झाडू येऊ दिला नाही, पेन दिलं. आणि आता तुम्ही माझ्या नातवाला परत घाण काढायला नदीवर नेणार?"

बैठक शांत झाली. मलाही उत्तर सुचलं नाही. सूचना तशीच बाजूला राहिली. आजचं हे भाषण म्हणजे आक्कांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. ते पुरेसं आहे की नाही, हे त्यांनी आणि आपण ठरवायचं.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना गावाकडची नदी आठवत असेल. नदी एकच, पण पाणवठे वेगळे. वरच्या अंगाला गावच्या वतनदारांचा, त्याखाली इतरांचा आणि सगळ्यांत खाली आपला. वर गुरं धुतली, कपडे आपटले, की ते पाणी वाहत वाहत आपल्या घागरीत यायचं. कुणी भांडत नसे, कारण ती रीतच होती. पाण्याला चव नव्हती असं नाही. त्याला जातीची चव होती.

ही रीत बाबासाहेबांनी मोडली. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत म्हणून. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागदावरच्या ठरावाने ओंजळ भरत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतलं. पुढे विरोधकांनी गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, खटला भरला. तो खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली आपल्या बाजूने निकाली निघाला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं! त्याआधी याच पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे पाण्याचा हक्क ही आपल्या चळवळीची पहिली पायरी आहे. हे आपण सगळे जाणतो, दरवर्षी २० मार्चला त्यावर भाषणंही करतो.

आता माझा प्रश्न ऐका. आज कर्वेनगरात राहणारे आपण कोणत्या पाणवठ्यावर आहोत? वरच्या की खालच्या?

आपल्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. ते वारज्याच्या जलकेंद्रात शुद्ध होतं आणि आपल्या घरी पोचतं. आपण ते वापरतो. मोरीतून, संडासातून ते बाहेर पडतं. शहरात शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण सगळं सांडपाणी त्यांतून जात नाही. बरंचसं ओढ्या-नाल्यांतून थेट मुठेत येतं. मुठा संगमवाडीला मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. ही तीच भीमा, जिच्या काठी कोरेगावचा विजयस्तंभ उभा आहे आणि जिथे आपण १ जानेवारीला मानवंदना द्यायला जातो. तो स्तंभ मागे टाकून भीमा पुढे येते, आणि तिथे आपण आपली घाण तिच्या पदरात टाकतो. भीमा ते सगळं घेऊन उजनीला जाते. आणि उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं.

सोलापूरला आपली किती सोयरीक आहे, मोजा. कुणाची बहीण तिथे दिली आहे, कुणाची सून तिथली आहे. लग्नात, नामकरणात आपण त्यांना मानाने पाट देतो. आणि रोज सकाळी त्यांच्या दिशेने काय पाठवतो? बंधूंनो, ज्यांना शतकानुशतके खालच्या पाणवठ्यावर उभं केलं गेलं, ते आपण आज वरच्या पाणवठ्यावर आलो. आणि वर आल्यावर वरच्यासारखेच वागू लागलो. इथल्या प्रत्येक घराची यात सारखी चूक नाही. बंगला, सोसायटी, कारखाना आणि वस्ती यांची मापं वेगळी आहेत. पण 'आम्हाला काय त्याचं' हे वाक्य जे वरचा पाणवठा बोलायचा, ते आपल्या तोंडी शोभत नाही.

आता थोडं नदीचं शास्त्र सांगतो, सोप्या शब्दांत. मुठेच्या खोऱ्यात चार धरणं आहेत : मुठेवर टेमघर, मोसी नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत, आणि या तिन्हींचं पाणी जिथे येतं ते खडकवासला. खडकवासल्यातून पाणी कालव्यात आणि नळात जातं. आपल्या इथल्या कॅनॉल रोडचं नावही अशाच एका जुन्या कालव्यावरून पडलं. त्यामुळे पावसाळा सोडला तर धरणाच्या खाली नदीत तिचं स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. उन्हाळ्यात राजाराम पुलावरून खाली बघितलं तर जे वाहताना दिसतं, ते बरंचसं आपणच सोडलेलं असतं. पाण्यात मैला मिसळला की तो खाणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की मासा मरतो. मैल्यातलं आणि काही साबणांतलं द्रव्य जलपर्णीला खत होतं. जलपर्णी वाढली की खाली उजेड जात नाही आणि डास होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. ३५१ पट्ट्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत जास्त. आपली मुळा-मुठा त्यात होती.

नदी म्हणजे नुसतं पात्रही नव्हे. कोथरूड-वारज्याच्या टेकडीवर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, झऱ्यांनी, ओढ्यांनी हळूहळू नदीत येतो. या सगळ्या उताराला पाणलोट क्षेत्र म्हणतात. टेकडी फोडली, ओढा बुजवला, अंगणात काँक्रीट ओतलं की तोच पाऊस मुरत नाही, एकदम धावत सुटतो. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, १८८३ साली, बांधबंदिस्ती करून पावसाचं पाणी आणि माती शेतातच जिरवावी असं सांगून ठेवलं आहे. तेव्हा पाणलोट हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नव्हता.

याचे परिणाम कुणाला भोगावे लागतात? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा काठावरची घरं आधी गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग सोडला गेला. आपल्या समोरच्या काठावर एकतानगरीत लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. त्याच दिवशी डेक्कन भागात नदीकाठी विजेचा धक्का बसून तिघं कष्टकरी तरुण गेले. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस नावाचा आजार पसरला. त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. हातपाय लुळे पडलेली माणसं आपण त्या महिन्यात ऐकली-पाहिली. तेव्हा नदीचा प्रश्न हा हौशी लोकांचा फावल्या वेळचा विषय आहे, असं कृपा करून कुणी समजू नये.

धम्माचा याच्याशी काय संबंध, असंही विचारलं जातं. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या घराघरात आहे. त्यात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण काय दिलं आहे? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र घाबरला, ही कथा त्यांनी नाकारली. त्यांनी सांगितलं, कारण होतं रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती त्याच नदीवर. आधी पाणी कुणी घ्यायचं, यावरून मारामारी झाली. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. संघाने ते ऐकलं नाही. सिद्धार्थाने युद्धापेक्षा परिव्रज्या पत्करली.

आता आपल्याकडे बघा. आपलं कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक. समोरच्या काठाला हिंगणे खुर्द. एका नावाची दोन गावं आणि मधून नदी. अगदी रोहिणीसारखी! महर्षी कर्व्यांचा आश्रम इथे आला आणि पुढे आपल्या काठाचं नाव बदललं, पण नदी तीच राहिली. तिचा निवाडा करायला दोन्ही काठांची माणसं एकत्र बसली पाहिजेत, हा बुद्धाचा आग्रह आजही तसाच लागू आहे.

विनयात भिक्खूंसाठी जे पंचाहत्तर सेखिय नियम आहेत, त्यांतला शेवटचा नियम पाण्याचा आहे. आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी, जेव्हा नद्या भरून वाहत होत्या, तेव्हा एका माणसाच्या थुंकीचाही विचार तथागतांनी केला. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत विहिरी खोदल्याचं, माणसांसाठी आणि जनावरांसाठी झाडं लावल्याचं कोरून ठेवलं, ते याच शिकवणीतून.

आणि बाबासाहेब? १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज यांचं नियोजन त्यांच्या खात्याकडे होतं. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना त्यांनी आकार दिला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, तो आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. त्यांचा मुद्दा असा होता की नदीचा विचार तुकड्यातुकड्यांनी करता येत नाही, संपूर्ण खोरं एक धरून करावा लागतो. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा हा पैलू फार कमी दिसतो. पुढे १९७६ साली संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत अनुच्छेद ५१-क (छ) प्रमाणे वने, सरोवरे, नद्या यांचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य झालं. संविधानाने आपल्याला हक्क दिले, ते आपण मोठ्याने सांगतो. हे कर्तव्यही त्याच पुस्तकात आहे.

आता त्या संस्थेबद्दल. पुण्यात प्रकाश गोळे सरांनी १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. तिथे शिकलेल्या काही नागरिकांनी पुढे २०१४ साली 'जीवितनदी' सुरू केली. 'दत्तक घेऊ या नदीकिनारा' हा त्यांचा उपक्रम. संपूर्ण नदीचं ओझं एकट्याने उचलता येत नाही, म्हणून काठाचा एक तुकडा दत्तक घ्यायचा, नियमाने तिथे जायचं आणि तो बदलतो कसा ते बघायचं. सुरुवात झाली ती आपल्या समोरच, विठ्ठलवाडीच्या काठाला. कचरा उचलणं हा त्यातला एक भाग. त्याशिवाय पाण्याची तपासणी, झाडा-पक्ष्यांच्या नोंदी, मुलांना नदीकाठी फिरवून इतिहास सांगणं, आणि घरात कोणती रसायनं वापरतो नि त्याऐवजी रिठा-शिकेकाईसारखं काय वापरता येईल, याची शिबिरं.

अशा कामाचा दबावही पडतो. आपल्याच भागातलं उदाहरण आहे. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत नदीपात्रात भराव टाकून रस्ता होत होता. काही जागरूक नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१३ साली निळ्या पूररेषेच्या आतल्या त्या रस्त्याविरुद्ध आदेश मिळवला. पुढे नदीकाठ सुधारणेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प आला, २०२२ साली त्याचं भूमिपूजन झालं. पात्र अरुंद होईल, पूर वाढेल, काठची झाडं जातील, अशा हरकती या संस्था-नागरिकांनी घेतल्या. आपलं मत कोणतंही असो, ते मत बनवण्यासाठी लागणारे नकाशे आणि आकडे या लोकांनी सामान्य माणसासमोर आणले, हे मान्य करावं लागेल.

आता मी आक्कांच्या प्रश्नाकडे येतो.

आक्का, तुमचं म्हणणं खोटं नाही. जन्माने लादलेलं काम वेगळं आणि मनाने घेतलेलं काम वेगळं, असं मी सहज म्हणू शकतो. पण झाडू तोच असतो आणि वासही तोच असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली. आज घाण कोण काढतं? ड्रेनेजमध्ये कोण उतरतं? कचरा वेचणाऱ्या भगिनी कोणत्या समाजाच्या आहेत? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य आपल्या आणि मातंग समाजाच्या स्त्रिया. आपण जे नाल्यात टाकत नाही, ते कुणा आक्काला उचलावं लागत नाही. नदीचं काम म्हणजे घाण उचलायला जाणं कमी, आणि घाण होऊच न देणं जास्त.

दुसरी. तुमच्या नातवाच्या हातात तुम्ही पेन दिलंत. तेच पेन नदीला हवं आहे. पाण्याच्या बाटलीवर तारीख घालणारा, माहितीच्या अधिकारात 'आमच्या वस्तीचं सांडपाणी कुठे जातं' असा अर्ज लिहिणारा, पूररेषेचा नकाशा वाचता येणारा मुलगा आपल्या वस्तीतून निघाला पाहिजे.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. 'नदी स्वच्छ करा' असं जेव्हा शहर म्हणतं, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ 'काठची वस्ती हटवा' असा होतो. नदीच्या बैठकीत आपली खुर्ची रिकामी असेल, तर वस्ती ही घाण नाही, वस्ती ही माणसं आहेत, हे तिथे कोण सांगणार? पूर आला की पाणी आधी आपल्या लोकांच्या दारात, आणि निर्णय घेताना मात्र आपण दारात नाही. संस्था चांगल्या माणसांची असली तरी आपलं दुःख आपणच जाऊन सांगावं लागतं. रोहिणीच्या वादात दोन्ही बाजूंची माणसं बसवा असं सिद्धार्थ म्हणाला, ते म्हणूनच.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात आक्कांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी चहा दिला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नातू जाईल. पण हातमोजे नि बूट सगळ्यांना सारखे पाहिजेत. बंगल्यातली पोरं आमच्या पोरांच्या शेजारी वाकली पाहिजेत. आणि पेपरात फोटो द्यायचा तर झाडू धरलेल्या आमच्याच पोरांचा द्यायचा नाही."

मला वाटतं, माझ्या सूचनेपेक्षा आक्कांच्या अटी जास्त महत्त्वाच्या आहेत. त्या अटींसह मी पुन्हा प्रस्ताव मांडतो. वह्या-पुस्तकांच्या निधीला हात न लावता घरटी वर्षाला शंभर रुपये वेगळे जमा करावेत. देणगी देण्याआधी संस्थेचा वार्षिक हिशेब मागून वाचावा आणि पावती विहाराच्या फलकावर लावावी. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर दहा-पंधरा जणांनी नदीवर जावं. कोणत्याही घरातून एकापेक्षा जास्त माणसाची सक्ती नको, पण एकही घर कायमचं सुटू नये. महिला मंडळाने घरगुती साबण-पावडरीचं एक शिबिर विहारातच घ्यावं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत टेकडीवर देशी झाडं लावावीत, आणि लावून विसरू नयेत. आणि संस्थेच्या बैठकांना आपले दोन प्रतिनिधी जावेत, ऐकायला आणि बोलायलाही.

दान म्हणजे नुसते पैसे नव्हेत, हे मी आपल्याला शिकवायला नको. हा विहार आपण कसा बांधला? ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी विटा वाहिल्या. त्या विटा आज दिसत नाहीत, पण छप्पर त्यांच्यावरच आहे.

महाडला आपण पाण्यापर्यंत पोचलो. आपल्या पुढच्या माणसापर्यंत ते पाणी पिण्यासारखं पोचवणं, हे काम अजून बाकी आहे. ज्या समाजाने खालच्या पाणवठ्याचं पाणी प्यायलं, त्या समाजाला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. येत्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपण विहाराच्या दारात जमू. आक्कांचा नातू येणार आहे. आपणही यावं.

माझे दोन शब्द लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. भोजनाची पाने वाढली आहेत असे दिसते. पंगतीत पाणी जपून वाढावं, एवढी विनंती करून थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!